काडीची फुलं

पुण्याच्या वर्तमानपत्रांत मार्केट यार्डातले फुलांचे बाजारभाव छापून येतात. ती यादी मी कवितेसारखी वाचते. हसू नका, एकदा वाचून बघा. झेंडू, बिजली, शेवंती किलोवर. पुढे ॲस्टर जुडी, गुलछडी काडी, शेवंती काडी, ग्लॅडिओ दहा काड्या. शेवंती दोनदा येते, कारण बाजाराच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक सुट्टी, म्हणजे नुसतं फूल, हाराला. दुसरी काडीची, म्हणजे दांड्यासकट, फुलदाणीला. इंग्रजीत याच फुलाला 'कट फ्लॉवर' म्हणतात, तेव्हा लक्ष कात्रीकडे जातं. आपल्या बाजाराचं लक्ष काडीकडे आहे. मला आपला शब्द जास्त शहाणा वाटतो.

पण हा शब्द गुलटेकडीच्या पलीकडे आलाच नाही. मराठी कवितेत, ललित लेखांत, गाण्यांत फुलं मुबलक आहेत आणि जवळजवळ सगळी सुट्टी आहेत. गजऱ्यात, वेणीत, परडीत, ओंजळीत, अंगणात पडलेल्या सड्यात. जाई, मोगरा, प्राजक्त, बकुळ, चाफा. यातल्या एकालाही दांडा नाही, म्हणजे असला तरी तो कुणाला दिसत नाही. आपल्या साहित्यात फूल म्हणजे मुख्यतः वास, आणि वास म्हणजे आठवण. गेल्या पन्नासेक वर्षांत या समीकरणातून इतका स्मरणरंजनाचा माल निघाला आहे, की प्राजक्ताचं नाव आलं की मी पान उलटते. (प्राजक्ताचा यात काही दोष नाही.)

फुलं पिकवणाऱ्याच्या वाट्याला मात्र मुख्यतः काडीच येते. ॲस्टरचं बी टाकल्यापासून फूल उमलेपर्यंत साधारण तीन-साडेतीन महिने जातात. त्यातले शेवटचे आठ-दहा दिवस फुलाचे. बाकी सगळे रोप, पान, शेंडा, मावा, फुलकिडे, भुरी आणि काडी सरळ राहावी म्हणून लावलेल्या आधाराचे. या दिवसांबद्दल मराठीत शेतकी पुस्तिका आहेत, पण साहित्य जवळपास नाही. फूल हे कुणाचं तरी काम असतं, ही गोष्ट आपल्या फूलविषयक लेखनातून निसटली आहे. तक्रार आहे ती एवढीच, पण ती मला लहान वाटत नाही.

ती लहान का नाही, याचं उत्तर पुण्यातच आहे. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे. पुण्यात येऊन त्यांनी फुलांचा धंदा केला, पेशव्यांना फुलं पुरवली, त्या कामासाठी ३५ एकर जमीन मिळाल्याचं चरित्रकार सांगतात, आणि धंद्यावरूनच आडनाव पडलं. त्या घरात आलेल्या सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली छापला गेला. म्हणजे केशवसुतांच्या जन्माच्याही बारा वर्षं आधी. त्यात जाईवर, पिवळ्या चाफ्यावर, गुलाबावर कविता आहेत. आपण त्या संग्रहाकडे शिक्षणाच्या आणि समाजसुधारणेच्या कवितांसाठी जातो, ते योग्यच आहे. मग फुलांच्या कवितांवरून मात्र 'निसर्गकविता' अशी चिठ्ठी लावून पुढे सरकतो. ज्या घराचं आडनावच फुलांच्या धंद्यातून आलं, त्या घरातल्या बाईनं गुलाबावर लिहिणं आणि फुलपुडी दारात येणाऱ्या घरातल्या कवीनं गुलाबावर लिहिणं, हे एकच कसं असेल? तो फरक धरून वाचलेली समीक्षा मला वाचायची आहे.

योगायोगानं ते आडनाव पुन्हा फुलांवर आलं आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेल्या वाणांच्या नावांत आधी 'फुले' असतं. ॲस्टरमध्ये 'फुले गणेश व्हाइट', 'फुले गणेश पिंक', 'फुले गणेश व्हायोलेट', 'फुले गणेश पर्पल'. ग्लॅडिओलसमध्ये 'फुले प्रेरणा', 'फुले तेजस', 'फुले नीलरेखा'. चिनी फूल, मधे पुण्यातल्या माळ्याचं आडनाव आणि शेवटी इंग्रजी रंग. एवढा इतिहास बियाण्याच्या एका नावात मावतो, आणि आपण म्हणतो फुलांवर लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

दुसरी अडचण ऋतूंची. कालिदासाचं 'ऋतुसंहार' ग्रीष्मात सुरू होऊन वसंतात संपतं, आणि वसंत म्हणजे फुलांचा कळस हा हिशेब आपल्याकडे तेव्हापासून पक्का आहे. शिशिर म्हणजे पानगळ, विरह, म्हातारपण. पुण्यातल्या गच्चीवर हा हिशेब उलटा पडतो. इथे झाडांचा वसंत खरा आहे. पळस, पांगारा, काटेसावर पुणेकरांनी डोळे भरून पाहावेत. पण कुंडीतल्या, वाफ्यातल्या हंगामी फुलांचा वसंत मार्गशीर्ष-पौषात येतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली, आणि दुपारी अंगावरचा स्वेटर काढायला लावणारं ऊन. ही पंधरा-अठरा अंशांची उडी फ्लॉक्स, स्वीट पी, लार्कस्पर, स्नॅपड्रॅगन, कॅलेंडुला यांना मानवते. थंड रात्रीत फूल टिकतं, रंग गडद होतो. चैत्र लागला की हीच रोपं आठवड्याभरात करपतात. कवितेत कोकीळ येतो तेव्हा माझ्या गच्चीत काटक्या असतात.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६) या बाबतीत मला अजूनही सगळ्यांत विश्वासाचं वाटतं. त्यांनी ऋतूंऐवजी मराठी महिने धरले, चैत्र ते फाल्गुन, आणि संकेत काय सांगतो यापेक्षा डोळ्यांना काय दिसतं ते लिहिलं. पण त्यांचं लक्ष झाडांवर, मोकळ्या निसर्गावर. माणसानं लावलेली, शेंडा खुडलेली, आधाराला बांधलेली फुलं त्यांचा विषय नव्हती. त्यांच्यानंतर आलेल्यांनी दुर्गाबाईंची भाषा उचलली, नजर ठेवून दिली. म्हणून आजही समाजमाध्यमांवर 'ऋतू'वरचा लेख आला की तो पुण्यात लिहिलाय की कोकणात, हे ओळखता येत नाही.

तिसरा पाठ हल्ली सगळ्यांच्या हातात आहे: रील. इंग्लंड-अमेरिकेतल्या बायका धुक्यात बादलीभर फुलं कापून आणतात, मागे पियानो. मी हे तासन्‌तास बघते आणि त्यांच्या काटेकोरपणाबद्दल मला आदर आहे. थंडी सोसणारी बियाणी शरदात पेरायची, रोपांनी हिमात दबून मुळं वाढवायची आणि वसंतात सुसाट फुलायचं, असा त्यांचा डाव असतो. आपल्याकडे तेच बी सप्टेंबर-अखेरीस किंवा दसऱ्याच्या आसपास पेरतात, पण त्याला दबून बसायला हिमच नाही. ते सरळ वाढतं आणि डिसेंबर-जानेवारीत फुलतं. त्यांचा हिवाळा वाट बघण्याचा, आपला फुलण्याचा. रीलमधली 'शेवटच्या हिमाची तारीख' पुण्यात शोधू नका. त्याऐवजी पाऊस कधी खरंच संपतो ते बघा. ऑक्टोबरातल्या एका मुसळधार संध्याकाळीत महिन्याभराची रोपं कुजू शकतात. या रीलांचं मराठीत भाषांतर करणारेही आता झालेत. ते 'स्प्रिंग'चं 'वसंत' करतात, आणि ऐकणारी मुलगी फेब्रुवारीत बी पेरून मार्चमध्ये स्वतःला दोष देत बसते. चुकीचं भाषांतर माणसाला असं रडवू शकतं.

आपल्या थंडीची खूण गारठ्यापेक्षा अंधारात जास्त आहे. शेवंती हे लांब रात्रीचं झाड. उन्हाळ्यात पुण्याचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. रात्र पुरेशी लांबली की शेवंती पानं काढायचं सोडून कळी धरते. मध्येच दिवा पडला तर तिला वाटतं, अजून उन्हाळाच आहे. शेवंती पिकवणारे याच गोष्टीचा उपयोग करतात: रात्री दिवे लावून फूल लांबवतात, काळं कापड टाकून लवकर आणतात. गच्चीच्या ज्या कोपऱ्यावर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडतो, तिथे कुंडी ठेवली तर पानं हिरवीगार आणि कळीचा पत्ता नाही, असं होऊ शकतं. कुंडी टाकीच्या सावलीत सरकवायची, एवढाच उपाय. शहरानं आपली रात्र किती उरवली आहे, हे मोजायला शेवंतीइतकं स्वस्त यंत्र नाही. अंधारावर मराठी कवींनी खूप लिहिलं. हा अंधार कुणी लिहिला नाही.

आता कात्रीचा प्रश्न, कारण खरं भांडण तिथे आहे. आमच्या घरी आईला मी फुलं लावते याचा आनंद आहे, ती कापते याचा नाही. तिच्या मते फूल झाडावर शोभतं किंवा देवाला जातं. ग्लासात ठेवून बघत बसायचं हे तिला 'कॅम्पातलं' वाटतं. हे ती ओरडून म्हणत नाही, म्हणून जास्त लागतं. तिच्या म्हणण्यात इतिहास आहे. पुण्यात पेठांची फुलं परडीतून गेली आणि कॅम्पातल्या बंगल्यांची फुलदाणीतून. एम्प्रेस गार्डनचं जुनं नाव सोल्जर्स गार्डन होतं, हे विसरून चालत नाही. पण दसऱ्याला आई दाराला जो झेंडू बांधते तो मूळचा मेक्सिकोचा, तिच्या आवडीचा निशिगंधही तिकडचाच, आणि ज्या झिनियाला ती परकं म्हणते तोसुद्धा. तिघं एकाच गावचे, दोघं घरात आले, तिसरा दाराबाहेर. ही आपल्या रुचीची वर्गवारी आहे, वनस्पतीची नव्हे. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, झेंडूला आम्ही देवापुढे ठेवलं म्हणून तो आमचा झाला. तू झिनिया ठेवून बघ." समीक्षेत रुचीबद्दल मी बरंच वाचलं आहे, इतकं नेमकं थोडंच.

तिचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. सुट्टं फूल खुडलं की झाडाची बाकी काडी शाबूत राहते, बाजूच्या कळ्या वाढतात. काडी कापली की त्या कळ्याही जातात. झिनिया खालून पुन्हा फुटतो, पण ॲस्टर एकदा बुडापासून कापला की संपला. ग्लॅडिओलसला खाली तीन-चार पानं ठेवली नाहीत, तर पुढच्या वर्षाचा कंद पोसत नाही. काडीचं फूल महाग असतं ते यामुळे.

दर जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. तिथली गर्दी, बोन्साय, इकेबाना, चित्रं काढणारी मुलं हे सगळं मला आवडतं, आणि पुण्यात फुलांकडे इतक्या गंभीरपणे बघणारी दुसरी जागा मला माहीत नाही. पण पुष्पप्रदर्शन हा प्रकारच मुळात निकालाचा आहे. फूल ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या आकारात हजर पाहिजे. डेलियाची थाळी बघून लोक 'केवढं!' म्हणतात, 'कसं?' फार कमी जण विचारतात. इतक्या मोठ्या फुलासाठी बाजूच्या किती कळ्या खुडल्या, हे फुलाशेजारी कुठे लिहायची रीत नाही. चांगल्या कथेत गाळलेल्या ओळींचं वजन जाणवतं. इथे ते जाणवू नये अशीच मांडणी असते. मला एक टेबल वेगळं हवं आहे: एकाच ॲस्टरची पंधरा दिवसांची, महिन्याची, दोन महिन्यांची रोपं, मावा लागलेलं एक, वाकडं वाढलेलं एक, आणि शेवटी फूल. बक्षीस नसलं तरी चालेल.

यंदा मी 'फुले गणेश पर्पल'ची चार रोपं कापणार नाही. फुलं झाडावरच सुकू द्यायची, फेब्रुवारीअखेर तपकिरी झाली की कागदाच्या पाकिटात चुरडायची, पाकिटावर तारीख घालायची. ॲस्टरचं बी फार टिकत नाही, पुढच्या दसऱ्याला पेरलंच पाहिजे. आईनं त्यातली दोन रोपं स्वतःकडे मागून घेतली आहेत. कशाला, ते सांगितलेलं नाही.