आजीचे गाणे कोणी ऐकले?



२०१० साली आम्ही लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तेव्हा जावयांनी आम्हाला न्यूयॉर्कच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरात नेऊन ‘इन द हाइट्स’ हे संगीत नाटक दाखवले. पुढे २०२१ साली जॉन चू यांनी त्यावर काढलेला चित्रपट आला. तो आम्ही आत्ता कुठे, नातीला शेजारी बसवून घरी पाहिला. पहिल्या खेपेस आमचा सारा जीव त्यातल्या बापात गुंतला होता, या खेपेस आजीत. वयाचा परिणाम, दुसरे काय! पण त्यामुळेच या कलाकृतीकडे नीट पाहता आले.

वॉशिंग्टन हाइट्स हा मॅनहॅटन बेटाच्या उत्तरेकडचा भाग. हिटलरच्या छळातून निसटलेले हजारो जर्मन यहुदी १९३० नंतर येथे राहायला आले. येशिवा विद्यापीठ आजही येथेच आहे. त्यांची मुले शिकून दुसरीकडे गेली आणि त्याच इमारतींत डॉमिनिकन रिपब्लिक, क्युबा, पोर्टो रिको येथली माणसे आली. नाटक आहे ते या लोकांचे. गीते आणि संगीत लिन-मॅन्युएल मिरांडा यांचे, संहिता कियारा अलेग्रिया ह्यूडेस यांची. २००८ च्या मार्चमध्ये ते ब्रॉडवेवर आले आणि त्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाच्या पुरस्कारासह चार टोनी पुरस्कार मिळाले.

नायक उस्नावी हा कोपऱ्यावरचा दुकानदार. त्याचे आईबाप अमेरिकेत येताना त्यांना एका जहाजावर ‘यू.एस. नेव्ही’ ही अक्षरे दिसली आणि तेच मुलाचे नाव झाले. आपण पेणकर, रोहेकर म्हणवतो, म्हणजे मागे सोडलेले गाव नावात बाळगतो. या पोराने पुढे आलेला किनारा नावात बाळगला. आईबाप गेल्यावर त्याला वाढवले आबुएला क्लॉडियाने. आबुएला म्हणजे आजी. ती सख्खी कोणाचीच नाही, पण आजी मात्र सगळ्या गल्लीची.

संगीताची योजना फार विचारपूर्वक केलेली आहे. उस्नावी रॅपमध्ये बोलतो. ती धावती, यमकांची बरसात ऐकून आम्हाला कीर्तनातला कटाव आठवला. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या पूर्वजांनी तोरातल्या कथा मराठी कीर्तनात बसवल्या, तेव्हा त्यांनीही हेच केले होते: कथा आपली, चाल भोवतालच्या मुलखाची. आजीचे गाणे मात्र तिच्या बालपणीच्या क्युबाच्या ठेक्यावर चालते. शब्द न कळले तरी कोण कोणत्या पिढीचा, हे कानाला कळते.

आता बापाविषयी. केव्हिन रोसारियो टॅक्सीचा धंदा चालवतो. त्याचा बाप आणि आजा शेतकरी. तो वाट मोडून अमेरिकेत आला. मुलगी नीना नामांकित विद्यापीठात गेली, पण पोटासाठी दोन नोकऱ्या करता करता अभ्यास बुडाला आणि ती परत आली. हा तिच्या फीसाठी बायकोला न विचारता धंदा विकायला काढतो. तेव्हा आमचे डोळे भरून आले होते. पण हाच बाप मुलीला आवडलेल्या बेनीला झिडकारतो, कारण तो त्यांच्यातला नाही, त्याला स्पॅनिश येत नाही. लग्नाच्या वेळी आपल्या कुळाची चौकशी झाली, त्याविरुद्ध आपली माणसे जेरुसलेमात धरणे धरून बसली आणि १९६४ साली क्नेसेटने आपल्या बाजूने कौल दिला, हे या पत्राच्या वाचकांना सांगायला नको. तरी आपल्या घरी बेनी आला, तर आपण त्याला काय विचारतो? हा प्रश्न नाटकात टोचतो. चित्रपटाने बापाचा हा विरोधच गाळून टाकला. गोडवा वाढला, पण कस गेला.

आणखी एक दोष नाटकाचाच. आजीला ९६,००० डॉलरची लॉटरी लागते आणि तिच्या मृत्यूनंतर त्या पैशाचा आधार मागच्यांना होतो. जन्मभर दुसऱ्यांची घरे झाडणाऱ्या बाईच्या कष्टांना एवढ्या सोप्या उत्तराची गरज नव्हती.

पण आम्हाला खरी खटकली ती गाण्याची जागा. १९४३ साली आईचा हात धरून न्यूयॉर्कला आलेल्या त्या मुलीची सारी कहाणी एका गाण्यात आहे. रंगमंचावर ते पहिल्या अंकात येते. आजी जिवंत आहे, तिकीट तिच्याजवळ आहे, आणि ती आपली गोष्ट सांगते आहे. चित्रपटाने तेच गाणे तिच्या मृत्यूच्या क्षणी नेले. भुयारी रेल्वेतले ते दृश्य देखणे आहे, आणि दोन्हीकडे आजी झालेल्या ओल्गा मेरेदिझ यांनी ते जीव ओतून केले आहे. तरीही जगण्याची हकीकत निरोपाचे गाणे होऊन बसली. नाटकात पुढे दुकानाच्या फळीवर तिचे चित्र रंगवले जाते. चित्राला कोणी काही विचारू शकत नाही.

चित्रपटाने एक गोष्ट मात्र नाटकापेक्षा चांगली केली. त्यात उस्नावी सगळी कथा लहान मुलांना सांगतो आणि ऐकणाऱ्यांत त्याची स्वतःची मुलगी असते. नाटकात आजीचे गाणे आपण प्रेक्षक ऐकतो. गल्लीतले एकही पोर तिच्याजवळ बसून ते ऐकत नाही.

ते गाणे संपल्यावर नातीने चित्रपट थांबवला आणि हिब्रूत विचारले, “तुमची आई काय गायची?” आम्ही हळदीच्या एका गाण्याची पहिली ओळ म्हटली. तिने मोबाइल पुढे धरला. दुसरी ओळ आठवेना. जन्मभर परक्या मुलांना कविता पाठ करायला लावल्या आणि आईचे एक गाणे राखता आले नाही. शेवटी अश्दोदच्या मावसबहिणीला फोन केला. तिला चार ओळी येत होत्या. नातीने त्या हिब्रू अक्षरांत उतरवून घेतल्या.

चित्रपट जरूर पाहा, पण नातवंडांना घेऊन पाहा, आणि आजीच्या गाण्यानंतर थोडा वेळ थांबवा.