मुक्या प्राण्याचें आत्मचरित्र

भूतदयेवर लिहिलेलीं पुस्तकें बहुधा वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणतात आणि तेवढ्यावरच संतुष्ट होतात. ॲना स्यूएल या इंग्रज बाईंचें ‘ब्लॅक ब्यूटी’ हें त्यांतलेंच एक, मुलांच्या हातीं देण्याजोगें, असा पुष्कळांचा समज आहे. तो किती अपुरा आहे, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

चौदाव्या वर्षीं पडल्यामुळें बाईंचा पाय कायमचा अधू झाला. तेव्हांपासून त्यांचें हिंडणें-फिरणें घोड्याच्या गाडीवर अवलंबून राहिलें. तें ऋण फेडण्यासाठींच जणू त्यांनीं १८७१ सालीं लेखणी धरली. प्रकृति ढासळत होती. कागदाच्या चिटोऱ्यांवर त्या लिहीत आणि आई तें उतरून घेई. १८७७ च्या नोव्हेंबरांत पुस्तक निघालें आणि पुढच्या एप्रिलांत बाई वारल्या. मुक्या जनावरांसाठीं आयुष्य वेंचावयाचें तर संस्थाच काढावी लागते असें नाहीं. अंथरुणावर पडूनही तें वेंचतां येतें.

इंग्लंडांत जनावरांच्या छळाविरुद्ध कायदा १८२२ सालीं झाला आणि त्यांच्या रक्षणासाठीं मंडळी १८२४ सालीं स्थापन झाली. मग अर्धशतक लोटल्यावर या पुस्तकाची गरज कां भासावी? कायद्याला उगारलेला चाबूक दिसतो. बाईंना त्यामागचा हात कोण हालवितो तें पाहावयाचें होतें. श्रीमंत घरची बाई घोड्याची मान ऐटींत दिसावी म्हणून तंग लगामानें ती वर ओढून धरविते; तेथें क्रूरतेचें नांव फॅशन. कोवळा ज्यो ग्रीन दौडून आलेल्या, घामाघूम घोड्याला थंड पाणी पाजतो आणि अंगावर घोंगडी घालीत नाहीं. तेथें तिचें नांव अज्ञान. आणि सीडी सॅम हा भाड्याच्या गाडीचा हांक्या थकलेल्या घोड्याला मारतो, कारण मालकाचें भाडें चुकतें केल्यावांचून त्याच्या बायकापोरांच्या तोंडीं घांस पडत नाहीं. तेथें तिचें नांव दारिद्र्य. या तिघांत दुष्ट असा एकही नाहीं. सॅमचें प्रकरण हें, आमच्या मतें, पुस्तकाचें हृदय होय. घोड्याच्या पाठीवरचा वळ माणसाच्या पोटापर्यंत पोंचतो, हें तेथें एकाही उपदेशपर वाक्यावांचून पटतें.

दोषही सांगितले पाहिजेत. कथानायक फार सोशीक आहे. कधीं कधीं तो घोडा न वाटतां खानदानी घरचा जुना इमानी नोकर वाटतो. त्याच्यापेक्षां जिंजर ही तापट घोडी अधिक खरी. ती तंग लगामाविरुद्ध लाथा झाडते, आणि अखेर भाड्याच्या गाडीस जुंपलेली, मोडलेली अशी भेटते. पुढें एक मेलेला घोडा गाडींतून नेतांना दिसतो. ती जिंजरच असावी, म्हणजे तिचे हाल तरी संपले, अशी आशा नायक करतो. मरणाची आशा मैत्रीनें करावी, यापरता करुण प्रसंग पुस्तकांत नाहीं. त्यामानानें नायकाचा सुखी शेवट सोयीचा वाटतो.

मुख्य उणीव निराळीच आहे. घोड्याला नीट जुंपावें, हें बाई सांगतात. जुंपावेंच कां, हें विचारीत नाहींत. ज्यांना गाडीवांचून गति नव्हती, त्यांच्याकडून ती अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. तो प्रश्न पुढच्या काळानें विचारला. मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०१५ सालीं शहरांतील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या. घोडे सुटले, पण गाडीवानांच्या पोटाचें काय, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहिला. तो सीडी सॅमचाच प्रश्न होय.

म्हणून हें पुस्तक मुलांनीं वाचावेंच, पण वडील माणसांनीं तें पुन्हां वाचावें. मुलांना त्यांत घोडा भेटेल. मोठ्यांना, लगाम कोणाकोणाच्या हातीं असतो, तें दिसेल.