रामदरबाराचे ‘नाणे’ आणि त्याची पारख

गेल्या कार्तिकातील एका जत्रेत, पालखी देवळाभोवती फिरून आत गेल्यावर, परिचयातील एक गृहस्थ मला दीपस्तंभाच्या मागे घेऊन गेले आणि उपरण्याच्या टोकास बांधलेली एक तांब्याची चकती त्यांनी हळूच सोडून दाखविली. एका बाजूस सिंहासनस्थ राम-सीता, शेजारी बंधू, पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूस इंग्रजी अक्षरांत ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, एक आण्याचा उल्लेख, १८१८ हे साल आणि ‘यू के एल’ अशी तीन निरर्थक अक्षरे. ही चकती घेण्यासाठी त्यांनी घरातील एक पाटली मोडली होती. “आपल्याला नाण्यांचा नाद आहे, तेव्हा एकदा बघून घ्या,” असे त्यांचे म्हणणे. बघून घेण्याची वेळ पाटली मोडण्यापूर्वीची होती, हे सांगण्याचे धैर्य त्या गर्दीत मला झाले नाही.

अशा चकत्या आज गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत जत्रांतून, तीर्थक्षेत्रांच्या पायऱ्यांवरून आणि मोबाइलवरील जाहिरातींतून सर्रास विकल्या जातात. कोणावर १६१६ साल असते, कोणावर १७१७, कोणावर १८३९. राम नसेल तर मारुती, लक्ष्मी, नुसता ओंकार. आपल्या देवळांशी आणि देव्हाऱ्यांशी हा प्रश्न निगडित असल्यामुळे त्याची मीमांसा याच पानांतून होणे मला इष्ट वाटते.

नाणे हे प्रथम एक लेखन आहे. ते कोणी पाडले, कोणाच्या नावाने, कोणत्या लिपीत, कोणत्या देवघेवीसाठी, या प्रश्नांची उत्तरे ते आपण होऊन देते, आणि ती उत्तरे एकमेकांशी जुळतात. या चकतीची उत्तरे कोठेच जुळत नाहीत. १६१६ साली सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या दरबारी व्यापाराच्या सवलतीसाठी तिष्ठत बसला होता; हिंदुस्थानात कंपनीची टांकसाळच नव्हती. १७१७ साली फर्रुखसियरने मुंबईस नाणी पाडण्याची मुभा दिली ती बादशहाच्या नावाची, आणि त्यावरील लेख फारसी. १८१८ च्या सुमारास कंपनीच्या मुंबई इलाख्यातील तांब्याच्या नाण्यांवर तराजू असे आणि त्याच्या पारड्यांमध्ये न्यायवाचक ‘अदल’ हा शब्द. सर्व हिंदुस्थानास लागू असे कंपनीचे एकसारखे चलन १८३५ साली सुरू झाले आणि त्या रुपयावर चौथ्या विल्यम राजाचे मुख आले. त्या चलनपद्धतीत एक आण्याचे सुटे नाणे तर १९०७ साली, कंपनी जाऊन अर्धे शतक होत आल्यावर, सातव्या एडवर्डच्या काळात निघाले. ज्याने ही चकती घडविली त्याला ना कंपनीचा इतिहास ठाऊक, ना आण्याचा.

यावर कोणी असे म्हणेल की कंपनीने हिंदू देवता नाण्यांवर घेतल्याच नाहीत काय? घेतल्या होत्या, आणि ही गोष्ट बनावटकारास ठाऊक असती तर त्याचे काम अधिक कठीण झाले नसते, फक्त अधिक खर्चाचे झाले असते. मद्रासेकडे कंपनीने विजयनगरच्या परंपरेतील सोन्याचे होन पाडले. त्यांपैकी एकावर दोन देवींसह उभा विष्णू आहे, दुसऱ्यावर एका बाजूस विष्णू व दुसऱ्या बाजूस पंचकोनी तारा. पण हे होन सोन्याचे, आकाराने इवलेसे, आणि व्यापाऱ्यास परिचित अशा जुन्या नाण्याची नक्कल म्हणून पाडलेले. भक्तीचा त्यात भाग नव्हता. ज्या नाण्यावर प्रजेचा विश्वास आहे तेच पाडावे, एवढी बनियेगिरी कंपनीला चांगली कळत होती.

बनावटीचा दुसरा दोष इतिहासाचा नाही, कलेचा आहे. आणि मला तो पहिल्याहून अधिक खटकतो. या चकतीवरील रामदरबार दिनदर्शिकेवरील चित्रावरून उतरविलेला आहे. चेहरे सारखे, मुकुट सारखे, मारुती तेवढा शेपटीवरून ओळखावा. रेषेत कोठेही हाताचा दाब नाही. हिच्याशेजारी एखादी जुनी रामटंका ठेवून पाहावी.

रामटंका हे चलनी नाणे नव्हे. तीर्थयात्रेहून आणावयाची, देव्हाऱ्यात ठेवावयाची ती मुद्रा. एका बाजूस राज्याभिषेकाचा प्रसंग, दुसऱ्या बाजूस धनुर्धारी राम-लक्ष्मण, आणि भोवती नागरी अक्षरांत राम, लक्ष्मण, जानकी व हनुमान यांची नावे, पुष्कळदा मोडकी, कधी उलटी. काहींवर अशक्य वाटावे इतके जुने संवत कोरलेले असतात. त्या आकड्यांवर काळ ठरविणारा फसतो. उपलब्ध रामटंका बहुतांशी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकापर्यंतच्या आहेत. म्हणजे खोटे साल दोन्हींवर आहे. मग भेद कोणता? रामटंकेवरील संवत हा श्रद्धेचा अलंकार आहे. तिने कधी बाजारात जाऊन ‘मी अमक्या सरकारचा आणा आहे’ असे म्हटले नाही. कंपनीच्या नावाची चकती मात्र तेच म्हणते, आणि त्याच म्हणण्याची किंमत घेते. शिवाय रामटंकेचा कारागीर अडाणी असेल, पण त्याने राम स्वतः कल्पिला आहे. खांदे रुंद, कंबर बारीक, धनुष्य अंगापेक्षा मोठे. त्या ओबडधोबडपणात जी एक गती आहे, ती या गुळगुळीत छापात शोधूनही सापडत नाही. अर्विन ब्रॉटमन यांनी १९७० साली अशा देवालयी मुद्रांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्याकडे मात्र त्या अजून ‘पितळी भंगार’ या सदरात तोलल्या जातात.

राम खऱ्या चलनी नाण्यावर आलाच नाही असेही नाही. अकबराच्या कारकीर्दीच्या अखेरीस, इलाही ५० या वर्षी, म्हणजे इ. स. १६०४-०५ मध्ये, धनुर्बाण घेतलेला राम व मागे चालणारी सीता असलेली नाणी निघाली. वर नागरीत दोनच शब्द आहेत, ‘राम सीय’. सोन्यातील अर्धी मोहोर आणि चांदीतील अर्धा रुपया, दोन्ही अत्यंत विरळ. चांदीचे वाराणसीच्या भारत कला भवनात आहे. एवढ्याशा जागेत वनवासाची वाट दिसावी, हे त्या ठसेकाराचे सामर्थ्य.

परंतु देवालय आणि नाणे यांचा सर्वांत जवळचा संबंध पाहण्यासाठी गोमंतकीयांस आग्ऱ्यास जाण्याचे कारण नाही. गोव्याच्या कदंबांची सोन्याची नाणी पाहावीत. त्यांवर सिंह आहे, देवाची मूर्ती नाही. लेखात मात्र राजा स्वतःस श्रीसप्तकोटीश्वराकडून वरप्रसाद लाभलेला असे म्हणवून घेतो. राजाच्या नावाआधी कुलदेवाचे नाव. त्याच सप्तकोटीश्वराचे दिवाडीवरील देवालय पुढे पाडले गेले, लिंग नार्व्यास आले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथे देऊळ उभारविले. आज नार्व्याच्या देवळात उभे राहून त्या नाण्याचा लेख आठवला म्हणजे देवळापेक्षा नाणे अधिक वेळ टिकते, ही गोष्ट काहीशी विचित्र वाटते. इंदूरच्या वाचकांनी महेश्वर टांकसाळीचा रुपया असाच पाहावा. लेख फारसी, नाव शाहआलमचे, आणि खुणेस शिवलिंग व बेलाचे पान. होळकरांची सत्ता आणि अहिल्याबाईंची भक्ती त्या पानात आहेत. बादशहाला फक्त अक्षरे मिळाली आहेत.

आता प्रतवारीविषयी. झिजेवरून नाण्याची प्रत ठरविण्याची इंग्रजी पद्धत आपल्या संग्राहकांनी जशीच्या तशी उचलली आहे. तिच्यात ‘गुड’ म्हणजे चांगले नव्हे, जवळजवळ पुसलेले. ‘फाइन’ म्हणजे बरे. आणि खरोखर चांगले ते ‘एक्स्ट्रीमली फाइन’पासून पुढे. नवख्याने हा शब्दकोश आधी पाठ करावा, नाहीतर ‘गुड’ ऐकून पैसे मोजील. पुढे विल्यम शेल्डनने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी श्रेणी आखली, आणि तीच आता जगभर लावली जाते. यंत्रावर पाडलेल्या व्हिक्टोरियाच्या रुपयास ती लागू पडते. शिवराईस ती लावणे हा मात्र अविचार आहे. हाताने ठोकलेल्या नाण्यात ठसा मोठा व चकती लहान. ‘श्री राजा शिव’ यातील किती अक्षरे चकतीवर उतरली हे झिजेवर नव्हे, ठोक्यावर अवलंबून. एका शिवराईवर अक्षरे पूर्ण पण पुसट, दुसरीवर अर्धीच पण ठसठशीत. यांत श्रेष्ठ कोणती? माझ्या मते पहिली. आकड्यांची श्रेणी दुसरीस उचलून धरील. तीच गोष्ट सराफाच्या टोच्यांची. रुपयाच्या कडेस पारखणाऱ्याने मारलेली बारीक खूण पाश्चात्य प्रतवारीत इजा ठरते. आमच्या दृष्टीने ती त्या नाण्याच्या प्रवासाची नोंद आहे.

इजा खरोखर होते ती आपल्याच घरात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चांदीचे रुपये चिंचेने व राखेने घासून लख्ख करण्याची प्रथा घरोघर आहे. शंभर वर्षांत धातूवर धरलेले काळसर, निळसर पुट एका सकाळी जाते आणि त्याबरोबर ठशाच्या बारीक रेषाही जातात. घासलेले नाणे पुन्हा कधीच पूर्वीच्या प्रतीस येत नाही. पूजेस हवे तर चालू रुपया घ्यावा. देवीची त्यास हरकत असल्याचे ऐकिवात नाही. कडी डाखलेल्या पुतळ्या मात्र मी या दोषातून वगळतो. व्हेनिसची सोन्याची डुकाट आपल्या बायकांनी वरच्या मूर्तींमुळे ‘पुतळी’ केली आणि गळ्यात माळून घेतली. तिचे येथे घडविलेले अनुकरण, लॅटिन अक्षरांचा चुराडा झालेले, आता स्वतःच अभ्यासाचा विषय आहे. ती दागिना म्हणूनच जन्मली.

खरेदीपूर्वी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, आणि त्या कंटाळवाण्या असल्यामुळेच कोणी करीत नाही. वजन आधी. व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. थोडी झीज समजते, परंतु दहा ग्रॅमचा रुपया किंवा साडेबारा ग्रॅमचा रुपया हा प्रश्नच आहे. हवेतील वजनास पाण्यात घटलेल्या वजनाने भागले की विशिष्ट गुरुत्व निघते. त्या रुपयाचे ते सुमारे १०.३ येते. चुंबकास चिकटणारी चांदी जगात नाही. भिंगाखाली कड पाहावी: ओतीव बनावटीत कडेवर सांधा दिसतो, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, आणि अक्षरांचे कोने साबणासारखे गोल असतात. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मिळ असल्यामुळे दुसऱ्या सालाचा आकडा कोरून तो ‘बनविला’ जातो. तेथे फक्त साल पाहू नये, सालाभोवतीची जमीन पाहावी. प्लॅस्टिकच्या बंद पेटीतील प्रमाणित नाणेही डोळे मिटून घेऊ नये. पेट्याही खोट्या निघतात.

‘तांदूळ ओढणारे तांबे’ हा याच चकत्यांचा अधिक घातक अवतार. त्यात इरिडियम आहे, परदेशी शास्त्रज्ञ कोटी देतील, मात्र तपासणीचा खर्च आधी भरावा लागेल, ही कथा सर्वत्र एकच. तांब्याने तांदूळ ओढले जात नाहीत. दाण्यास लोखंडाची कणी लावून आत चुंबक ठेवला म्हणजे ओढले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांस लाखो रुपये देऊ करून ‘कमिशन’ मागणाऱ्यांविरुद्ध त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे. असा व्यवहार बँक करीत नाही. शेतात वा पायाखाली पुरलेले नाण्यांचे गाडगे सापडले, तर ते १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरास कळविणे बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांहून जुने नाणे देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याची आडकाठी आहे. चांगला विक्रेता या दोन्ही गोष्टी आपणहून सांगतो व पावतीवर नाण्याचे वर्णन वजनासह लिहून देतो. पावतीस जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडील नाणे कितीही सुंदर असो, हातातून खाली ठेवावे.

एक गोष्ट देवस्थानांच्या महाजनांस सांगावयाची आहे. दानपेटीत आलेली जुनी चांदी वर्षाकाठी सराफाकडे तोलून, आटवून तिची प्रभावळ किंवा उपकरणी करण्याची चाल अनेक देवळांत आहे. आटविण्यापूर्वी एकदा ती जाणत्याकडून निवडून घ्यावी, प्रत्येक नाण्याचे वजन व छायाचित्र वहीत नोंदवावे. मागील वर्षी एका देवस्थानच्या मुखत्यारांनी मला असा एक गठ्ठा पाहू दिला होता. बहुतेक पंचम जॉर्जचे रुपये होते, चारदोन पोर्तुगीज रुपिया. तळाशी दोन चांदीच्या रामटंका निघाल्या, काळ्या पडलेल्या, एकीचा काठ उंदराने कुरतडावा तसा झिजलेला. सराफाने त्या वजनावर आधीच धरल्या होत्या. त्या आता गाभाऱ्याबाहेरच्या कपाटात आहेत.

जत्रेतील गृहस्थांस मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन खरे ते सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, नाणे खोटे, पण वरचा राम? चकती देव्हाऱ्यातून काढावी काय? मी म्हटले, कंपनीची बाजू खाली करून ठेवा. पाटलीविषयी आम्ही दोघेही काही बोललो नाही.