दप्तराबाहेरची साधने : ‘आम्हीही इतिहास घडवला’

वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. तेव्हापासून ‘साधन’ हा शब्द उच्चारताच वाडा, माळा, रुमालात बांधलेले मोडी कागद असे चित्र मराठी अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ज्या वस्तीत वाडाच नव्हता तिचे दप्तर कोठे शोधावयाचे, या प्रश्नाला ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथाने उत्तर दिले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग हा त्याचा विषय असून जुन्या नियतकालिकांतील वृत्तान्त आणि वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांची निवेदने ही त्याची दोन अंगे होत.

या ग्रंथाचे मोल सामग्रीच्या संग्रहापुरते मानणे मात्र अपुरे आहे. छापील कागद असूनही स्त्रिया दिसेनाशा कशा होतात, हे तो दाखवितो, आणि येथे मराठीच्या व्याकरणाचा विचार अटळ ठरतो. ‘स्त्रिया तळ्यावर गेल्या’ या कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याचे लिंग सांगते. ‘सत्याग्रहींनी पाणी घेतले’ या कर्मणी प्रयोगात ते कर्माच्या मागे जाते आणि सत्याग्रही कोण, हे वाक्यातून कळत नाही. ‘लोक जमले’ म्हटले की ‘लोक’ हे पुल्लिंगी नाम सगळा जमाव आपल्या पोटात घेते. वार्ताहराचा हेतू कसाही असो, सभा-सत्याग्रहांची हकीकत बहुधा अशाच वाक्यांनी लिहिली जाते. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले, म्हणून तेथील स्त्रियांची नोंद स्पष्ट राहिली. तसा प्रसंग नसेल तेथे अभ्यासकाला निवेदनांचा आधार घ्यावाच लागतो.

ग्रंथाचे शीर्षकही याच नियमाने बांधलेले आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ‘घडवला’ हे रूप ‘इतिहास’ या पुल्लिंगी कर्माशी जुळते. बोलणाऱ्या स्त्रिया आहेत हे केवळ वाक्यावरून ओळखता येणार नाही. ‘आपण’ न म्हणता ‘आम्ही’ म्हटल्यामुळे ऐकणारा बाहेर राहतो, आणि ‘ही’ या अव्ययाने इतिहास घडविल्याचा दुसऱ्या कोणाचा तरी दावा गृहीत धरला जातो. तो दावा सवर्ण सुधारकांचा की चळवळीतील पुरुषांचा? दोन्ही अर्थ संभवतात, आणि ग्रंथातील निवेदने वाचताना ही संदिग्धता सार्थ वाटते.

नागपूरची २० जुलै १९४२ची दलित वर्ग महिला परिषद हा या दृष्टीने कसोटीचा प्रसंग होय. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या; उपस्थिती वीस ते पंचवीस हजार सांगितली जाते; घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीकत्वाला बंदी यांविषयी ठराव झाले. ठराव कागदावर राहतात, कारण ठरावाची भाषाच जपणुकीसाठी घडविलेली असते. परिषदेला जाण्यासाठी घरी कोणाची समजूत घालावी लागली, तान्हे मूल कोणाजवळ ठेवले, हे कोणत्याही वृत्तान्तात येत नाही. ते निवेदनांतच यावयाचे. आणि निवेदनात तारीख बहुधा सापडत नाही. थोरलीचे लग्न, दुष्काळ, अमुक सभा अशा खुणांनी काळ मोजला जातो. त्याला स्मृतिदोष म्हणून बाजूला सारणे उतावळेपणाचे होईल. कागदाने तारीख द्यावी आणि निवेदनाने प्रसंग द्यावा, असे दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावे लागते.

उणीव आहे ती संपादनाच्या बाजूची. बोललेले छापताना वाक्ये सरळ होतात, बोलीतील रूपे प्रमाण मराठीकडे झुकतात, विचारणाऱ्याचा प्रश्न गळतो. वाचकासाठी हे सोयीचे. साधन म्हणून मात्र नुकसानीचे. खामगाव, नागपूर किंवा कोकण येथील स्त्रीने ‘चळवळ’ म्हटले की ‘बाबासाहेबांचे काम’, हा फरक इतिहासालाही सांगण्याजोगा आहे. राजवाड्यांचे पत्र मोडीतून बाळबोधीत आले तरी मूळ कागदाशी ताडून पाहण्याची सोय असे. ‘बहिष्कृत भारत’ व ‘मूकनायक’ यांचे अंक १९९० साली शासनाने पुनर्मुद्रित केल्यामुळे कागदाच्या अंगाची तशी सोय झाली. निवेदनांच्या अंगाची सोय व्हावयाची तर मूळ टिपणे व ध्वनिफिती, प्रश्नांसह, ग्रंथालयात हवीत. १९४२ साली वीस वर्षांची असलेली स्त्री आज शंभरी ओलांडून गेली असती. तिला पुन्हा विचारता येणार नाही.