एलिझाबेथ आणि ब्रिजेट

जुन्या कथेवर नवा साज चढविणे आपल्याला अपरिचित नाही. महाभारतातील सुभद्राहरणाची कथा अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये ‘संगीत सौभद्र’च्या रूपाने रंगभूमीवर आणली. गोमंतकात देवळांच्या उत्सवांतून प्रेक्षकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक ‘काय होते’ यासाठी बसत नाही. ‘कसे होते’ यासाठी बसतो. अशा रसिकांस इंग्रजीतील एका जोडीचा परिचय उद्बोधक वाटेल: जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) आणि तिच्यावर बेतलेली हेलन फील्डिंग यांची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ (१९९६).

फील्डिंगबाईंनी आपले ऋण लपविलेले नाही. नायकाचे आडनाव डार्सी हेच ठेवले आहे. मूळचा डार्सी नाचाच्या मेजवानीत जसा ताठ्याने अलिप्त राहतो, तसाच हा वकील मार्क डार्सी नववर्षाच्या मेजवानीत राहतो. गोडबोल्या विकहॅमची जागा डॅनियल क्लीव्हरने घेतली आहे. बीबीसीने १९९५ मध्ये मूळ कादंबरीवर मालिका दाखविली. तिच्यावर खुद्द ब्रिजेटही लुब्ध आहे. त्या मालिकेत डार्सी झालेला नट कॉलिन फर्थ २००१ च्या चित्रपटात मार्क डार्सी झाला, तेव्हा हे वर्तुळ पूर्ण झाले.

गंभीर प्रणयकथेचे हे विनोदी रूपांतर आहे, असे म्हटले जाते. आमच्या मते हे अर्धसत्य होय. मूळ कादंबरीच विनोदाने ओथंबलेली आहे. तेव्हा तुलना करावयाची ती गांभीर्य आणि विनोद यांची नव्हे, तर विनोदाच्या दोन जातींची.

ऑस्टिनच्या विनोदाखाली भाकरीचा प्रश्न आहे. बेनेट कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन हजार पौंड. पण इस्टेट पुरुष वारसाकडेच जावयाची असल्याने बापाच्या पश्चात पाच मुली व त्यांची आई घराबाहेर पडणार, आणि कॉलिन्स नावाचा पढतमूर्ख पाद्री घरधनी होणार. एलिझाबेथच्या वाट्याला पुढेमागे येणार ते हजार पौंड, चार टक्के व्याजाचे. म्हणजे वर्षाला चाळीस! तरीही ती कॉलिन्सला नकार देते. तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट मात्र त्यालाच होकार देते. शार्लटला आपण हसतो. पण हसता हसता गप्प होतो. स्थळे पाहण्याच्या आपल्या रिवाजाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना ही शार्लट परकी वाटू नये.

ब्रिजेटला नोकरी आहे, लंडनमध्ये स्वतःचे बिऱ्हाड आहे. लग्न न झाल्यास तिच्या डोक्यावरचे छप्पर जात नाही. मग धाक कशाचा? चारचौघांच्या प्रश्नाचा. जेथे जाईल तेथे आप्तेष्ट आणि विवाहित जोडपी तिला तेच विचारतात. पोटाची भीती सरली तरी लोकांच्या जिभेची भीती सरत नाही, हे निरीक्षण फील्डिंगबाईंचे स्वतःचे आहे आणि ते खरे आहे. आपल्याकडील हळदीकुंकवात कमावत्या अविवाहित मुलीला विचारून पाहावे!

परंतु येथेच हास्याची दिशा फिरते. एलिझाबेथ जगाला हसते, ब्रिजेट स्वतःला. तिच्या रोजनिशीचा आरंभच वजन, सिगारेटी आणि मद्य यांच्या हिशेबाने होतो. हा हिशेब मनमुराद हसवितो खरा. पण दोनशे वर्षांपूर्वीची परावलंबी मुलगी ताठ मानेने बोलते आणि आजची स्वावलंबी स्त्री स्वतःला तराजूत घालून रोज कमी भरते, हे पाहून मन थोडे उदास होते.

दुसरा फरक संकटाचा. मूळ कथेत धाकटी लिडिया विकहॅमबरोबर पळून जाते; तिच्या एकटीच्या अविचाराने पाचही बहिणींची लग्ने धोक्यात येतात. डार्सी गुपचूप विकहॅमची कर्जे फेडून घराची अब्रू राखतो. नव्या कथेत घर सोडते ती प्रौढ आई, एका भामट्याच्या नादाने! ही उलटापालट मोठी गमतीची आहे. मात्र येथे पैसा बुडतो, मुलीचे आयुष्य बुडत नाही. म्हणून या डार्सीच्या उपकाराला मूळचे वजन येत नाही.

सर्वांत मोठी उणीव पत्राची. डार्सीचे पत्र एलिझाबेथ पुन्हा पुन्हा वाचते आणि ज्या बुद्धीचा तिला अभिमान, त्याच बुद्धीने स्वतःचा न्याय करते. कादंबरीचा कणा तो. ब्रिजेटला आपल्या चुका पदोपदी दिसतात, पण त्या मोजण्यातच तिचा दिवस सरतो. स्वतःवर हसणे निराळे आणि स्वतःस ओळखणे निराळे.

म्हणून नव्या कादंबरीस टाकाऊ ठरविण्याचे कारण नाही. तिने आपल्या काळाचा एक बोचरा प्रश्न नेमका पकडला आहे. वाचकांनी दोन्ही वाचाव्यात. मात्र आधी ऑस्टिन वाचावी. मूळ राग कानांत घोळत असला म्हणजेच नव्या गायकाने कोणता स्वर घेतला आणि कोणता सोडला, हे कळते.