सीटखालची टाकी आणि ‘ओरिजिनल’चा दावा

जुनी मिलिटरी जीप विकायला निघाली, की विकणाऱ्या भाऊंचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘एकदम ओरिजिनल आहे, काही बदललेलं नाही.’ आज आपण या एका शब्दाची झडती घेणार आहोत. आणि तीही गाडीच्या एकाच भागात, म्हणजे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या पेट्रोलच्या वाटेवर.

हे गोंदियात बसून का बोलायचं? आपल्या बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली बांधली. इथून बालाघाटमार्गे छोटी रेल्वे जबलपूरला जायची, आणि त्याच जबलपुरात पुढे लष्करासाठी जोंगा तयार झाली. लष्करी गाडी आपल्या भागाला परकी नाही. नमुना मात्र आपण महायुद्धातल्या जीपचाच घेऊ. विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू, दोन कारखाने पण आराखडा एक, आणि दोन्ही मिळून सहा लाखांवर गाड्या निघाल्या. त्यामुळे मूळ काय होतं, हे पक्कं सांगता येतं.

ती वाट आधी डोळ्यांसमोर आणा. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. पेट्रोल भरायचं तर गादी उचलावी लागते. तिथून धातूची नळी पुढे येते, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर गाळक आहे, मग इंजिनाच्या बाजूला कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रॅमचा पंप, आणि शेवटी कार्टर कंपनीचा डब्ल्यूओ जातीचा कार्बोरेटर.

आता ओळख कशी पटवायची? गोंदिया बिडीचं गाव, म्हणून आधी हे सांगून टाकू: हात लावण्यापूर्वी बिडी विझवा आणि बॅटरीची तार काढा.

कार्बोरेटरपासून सुरुवात करू. कार्टरमध्ये एक बारीक दांडी असते. अॅक्सिलरेटर दाबला की ती जेटमध्ये वरखाली होते आणि पेट्रोल कमीजास्त सोडते. आपल्याकडे त्या जागी पुष्कळदा सोलेक्स बसवलेला दिसतो. त्यात ती दांडीच नाही. हे ओळखायला नावाची पट्टी वाचायचीही गरज पडत नाही. मग पंप बघा. त्याला वायपरसाठी व्हॅक्यूमचा दुसरा मजला असला, तर तो युद्धानंतरच्या जीपचा. गाळक उघडला तर आत पातळ धातूच्या चकत्यांची रास हवी. कागदी गाळक निघाला तर तो नंतरचा.

सगळ्यात सोपी परीक्षा पान्याची. मूळ नट इंची मापाचे. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ एमएमचा पाना बसतो खरा, पण थोडा सैल. जिथे एमएमचा पाना घट्ट बसला, तिथे कुणीतरी नंतर हात घातला आहे, बरं का. आणि इंची आट्यांमध्ये एमएमचा नट जोर लावून पिळला असेल, तर तिथे कधी ना कधी पेट्रोल पाझरणारच.

इथवरचं काम कुणीही चांगला मिस्त्री करतो. आमची तक्रार पुढे सुरू होते.

फोर्डनं आपल्या गाडीच्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ हे अक्षर उमटवलं होतं. हौशी मंडळी हे अक्षर बघून मान डोलावतात. पण आज ‘एफ’ उमटवलेले नवेकोरे भाग विकत मिळतात. जुन्या भागाचा साचा घेऊन नवा ओतला, तर अक्षरांच्या कडा बोथट होतात. पट्टी चकचकीत आणि तिला धरणारा स्क्रू गंजलेला, हीसुद्धा खूण. म्हणजे अक्षर हा पुरावा नाही, तो नुसता दावा आहे. दावा तपासायचा असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली लष्करी गाडी, ही कल्पनाच मुळात कच्ची आहे. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये गाड्या खोलायच्या, आणि विलीजचे भाग फोर्डला, फोर्डचे विलीजला लागायचे. गाडी चालू राहणं महत्त्वाचं होतं. मग तेव्हा झालेला बदल आणि कालपरवा झालेला बदल, दोन्हींना एकाच तराजूत ‘नकली’ म्हणायचं का?

आम्ही तीन गट करतो. पहिला, त्या काळात गरजेपोटी झालेला बदल. तो गाडीचा इतिहासच आहे. दुसरा, नंतर मिस्त्रीनं अडचण बघून केलेला उपाय. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन काय असतं, ते सांगायला नको. गरम इंजिनाशेजारच्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, गाडी बंद पडते, मग पंपावर ओलं फडकं टाकतात. याला कंटाळून कुणी इलेक्ट्रिक पंप लावतो. तो मूळचा नाही, पण त्यामागे कारण आहे. तिसरा गट म्हणजे आजचा भाग जुना म्हणून खपवणं. नकली हा शब्द आम्ही फक्त या तिसऱ्यासाठी राखून ठेवतो.

दुसऱ्या गटालाही आम्ही डोळे झाकून पास करत नाही. इंजिनावरचा पंप इंजिन थांबलं की थांबतो. इलेक्ट्रिक पंप चावी चालू असेपर्यंत ढकलतच राहतो. नळी तुटली तर पेट्रोल गरम इंजिनावर. शिवाय मूळ गाडी ६ व्होल्टची; १२ व्होल्टचा पंप लावला असेल, तर वायरिंगही बदललेलं असणार, ते बघा. आणि टाकी गळते म्हणून सीटशेजारी प्लॅस्टिकचा डबा बांधून नळी सोडणं, याला जुगाड म्हणून कौतुक करू नका. माणूस त्या डब्याला टेकून बसलेला असतो.

पण अस्सलपणाच्या अट्टाहासालाही असाच प्रश्न विचारायला हवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल आहे. ते उसापासून, मक्यापासून आणि तांदळापासूनही बनतं. धानाच्या जिल्ह्यात हे नवीन नाही. इथेनॉल पाणी धरतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली, की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा गंजतो. जुन्या जातीचं रबर त्यानं फुगतं, मऊ पडतं. अशा वेळी रॅलीत गुण मिळावेत म्हणून कुणी जुन्या धाटणीची नळी आणि जुना डायफ्रॅम शोधून बसवत असेल, तर तो इतिहास जपत नाही, सीटखाली धोका ठेवतो आहे. इथे इथेनॉल सोसणारी नवी नळी हवीच. तिच्यावर एसएई जे ३० आर ९ असा छाप बघून घ्या.

आमचा आक्षेप मिस्त्रीवर नाहीच. तो आपण तयार केलेल्या बाजारावर आहे. आपण ‘ओरिजिनल’ला पैसे देतो, गुण देतो, म्हणून मिस्त्री स्वतःचं चांगलं काम लपवायला शिकतो. नवी नळी रंग लावून जुनी करतो, सोलेक्सवर पट्टी चिकटवतो. त्यानं विकत घेणारा फसतो, आणि पुढचा मिस्त्री चुकीचं माप धरून काम करतो. पेट्रोलच्या वाटेवर अशी चूक आगीपर्यंत जाते.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. प्रत्येक जुन्या गाडीबरोबर एक वही ठेवा. कोणता भाग बदलला, कधी, का, आणि कोणी. काढलेला मूळ भाग भंगारात देऊ नका. चिठ्ठी बांधून ठेवा. रॅलीत परीक्षण करणाऱ्यांनी आधी ही वही मागावी, मग बॉनेट उघडावं. आणि विकणारे भाऊ ‘काही बदललेलं नाही’ म्हणाले, की सीटची गादी उचलून दाखवायला सांगा.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.