भिंतीच्या टोकाला बसलेली मुक्ताई

भांडुपला डोंगरउतारावरच्या आमच्या चाळीत विठ्ठलाचं छोटं देऊळ आहे. तिथे एक जुनी फ्रेम: वाघावर बसलेले चांगदेव, हातात सापाचा चाबूक, आणि समोरून भिंतीवर बसून येणारी चार भावंडं. ओल लागून चित्र कडेला पिवळं पडलंय. मंडळाला ते बदलायचंय आणि मी 'कॉम्प्युटरवाला' म्हणून नवीन चित्र शोधायचं काम माझ्याकडे आलं. म्हणून जुन्याचा फोटो काढून झूम करत बसलो.

जिवंत प्राण्यावर सत्ता गाजवण्यापेक्षा निर्जीवाला चालवणं मोठं, हा अर्थ कीर्तनात सगळ्यांनीच ऐकलेला असतो. तो फक्त आपलाही नाही. तुर्कस्तानातल्या हाजी बेक्ताश यांच्या कथेतही समोरचा सिंहावर, सापाचा चाबूक घेऊन येतो आणि हे भिंतीवर किंवा खडकावर बसून सामोरे जातात.

चित्रकाराची पंचाईत वेगळीच. वाघाचा पंजा उचललेला दाखवता येतो, भिंतीला पाय कुठून आणणार? आमच्या चित्रकाराने खाली धुरळा काढलाय, पण तो ढगासारखा दिसतो आणि भिंत चालण्याऐवजी उडते. (प्रभातच्या १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ती खरंच सरकते. सिनेमाला ते जमतं.)

मला खटकलं ते मात्र मुक्ताईचं. तेजोवलय ज्ञानदेवांना, तेच मधोमध. निवृत्तीनाथ थोरले आणि ज्ञानदेवांचे गुरू, तरी मागे. मुक्ताई अगदी टोकाला, मान खाली घालून. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ६५ ओव्यांचं उत्तर ज्ञानदेवांनी लिहिलं हे खरं, पण परंपरा चांगदेवांची गुरू मानते ती मुक्ताईला. चौदाशे वर्षांचा योगी ज्या पोरीचा शिष्य होणार, तिच्याकडे या चित्रात कुणीच बघत नाही. वाघसुद्धा नाही! चांगदेवांची नजर बोटभर वळवली असती तरी पुढची सगळी गोष्ट चित्रात आली असती.

आजीला हे सांगितलं. देवळामागेच दरडीची संरक्षक भिंत आहे, तिच्याकडे बघत ती म्हणाली, "मी तर पावसाळाभर भिंत चालू नये म्हणून हात जोडते बाबा." मग चष्मा पुसून फोनमध्ये बराच वेळ बघत राहिली. "पोरगी पडेल की तिथून. जरा आत घे तिला."

मंडळाला ज्ञानोबा मध्येच हवेत. मी अजून फाइल पाठवलेली नाही.